बेअरिंग कानाशी धरून ऐकणाऱ्या काकांस

नाना पेठेतल्या लेथवाल्या काकांस,
सप्रेम नमस्कार.

मशीनच्या घरघरीत ‘थँक्यू’ म्हटलेलं तुम्हाला ऐकूसुद्धा आलं नसेल. म्हणून हे पत्र, आणि ते सगळ्यांसमोर. घरच्या घरी कॅमेरा स्टॅबिलायझर, म्हणजे चालताना चित्र हलू नये म्हणून कॅमेऱ्याला लावायचा दांडा, बनवणारे पुष्कळ लोक नेमके तिथेच अडकतात जिथे तुम्ही बोट ठेवलंत: सांध्यातल्या बेअरिंगच्या घासणीत. माझाही तसाच: उभ्या दांड्यावर वर कॅमेरा, खाली तोलाला वजन, आणि मध्ये हातात धरायचा, बेअरिंगवर फिरणारा सांधा.

चित्र हलतं म्हटल्यावर, तुमच्याकडे येण्याआधी सगळीकडून एकच सल्ला मिळाला होता: खाली वजन वाढवा. वायसर वाढवा, शिसं ओता, दांडा लोखंडी घ्या. एका काउंटरवर तर ‘तुमच्या हातालाच कंप आहे’ असं निदान झालं, तेही वस्तूला हात न लावता. बेअरिंग मात्र तिथून आग्रहाने महागातलं दिलं गेलं. ६००४ नंबरचं, टू-आरएस, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, ‘धूळ नाही, पाणी नाही, आयुष्यभर बघायला नको’. पंप किंवा मोटर असती तर सल्ला योग्यच होता. पण किलोभराच्या आतल्या कॅमेऱ्याला त्या सीलची घासण आणि आतलं घट्ट ग्रीस म्हणजे ब्रेकच.

तुम्ही काय केलंत? काही विचारण्याआधी दांडा उचललात, वरचं टोक बोटाने हलकेच फिरवलंत आणि मान हलवलीत. मग सुईने सील आतल्या कडेकडून उचकटलंत, गोळ्यांच्या पिंजऱ्याला ओरखडाही न पाडता. स्टीलच्या वाटीत रॉकेल, त्यात बेअरिंग दोनदा धुतलं. कॉम्प्रेसरची हवा मारून सुकवण्याचा मोह टाळलात, कोरडं बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरलं की गोळ्या आणि त्यांची वाट खराब होते. फडक्यावर सुकू दिलंत, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडलात, आणि करंगळीवर चढवून कानाशी धरलंत. तुमचं ऐकून झाल्यावर ते गिऱ्हाइकाच्या कानाशी धरलंत. ‘ऐका. खरखर नाही ना?’

काका, एवढंच. बाकी सगळं विसरलं जाईल, ते कानाशी धरणं नाही. माल देणारे पुण्यात पुष्कळ आहेत. दिलेला माल आधी स्वतः ऐकून पाहणारे कमी.

त्या घासणीचा मुद्दा इथे मुद्दाम लिहितो, कारण वजनाचा सल्ला अर्धवट बरोबर असतो आणि म्हणूनच फसवतो. जड दांडा सहज डगमगत नाही हे खरं. पण सांधा घट्ट असेल तर मनगटाचा प्रत्येक पीळ दांड्यात उतरतो आणि चित्र हळूच डावी-उजवीकडे सरकत राहतं. वजन वाढवून ते थोडं झाकलं जातं, पण जात नाही. उलट पाच मिनिटांत मनगट भरून येतं आणि नवाच कंप सुरू होतो. वजनापेक्षा अंतर वाढवलेलं बरं: तेच वजन सांध्यापासून दुप्पट लांब नेलं तर डगमगण्याला होणारा विरोध चौपट होतो.

हिशोबही साधा आहे. कॅमेरा आणि प्लेट मिळून ६०० ग्रॅम, त्यांचा गुरुत्वमध्य सांध्याच्या १५ सेंटिमीटर वर. तर ३० सेंटिमीटर खाली ३०० ग्रॅम वायसर लागतात. दांड्याचं स्वतःचं वजनही खालच्या बाजूला जास्त पडतं, म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी. पट्टा काढून ठेवायचा, बॅटरी आणि कार्ड आत घालायचं, झूम एका जागी ठेवायचा, आणि मगच तोल साधायचा. नंतर दांडा आडवा करून सोडायचा. दोन-तीन सेकंदांत उभा झाला तर उत्तम. सेकंदभरात खाली आला तर तळ जड आहे, चालताना-थांबताना लंबकासारखा झुलेल. उभा झालाच नाही किंवा उलटला, तर डोकं जड.

बुशबद्दलही सांगायलाच हवं. सहा सुताचा, म्हणजे पाऊण इंची दांडा १९ मिलिमीटर आणि थोडंसं वर, ६००४ चं भोक २० चं. मधली फट चिकटपट्टी गुंडाळून भरायची युक्ती सगळेच सुचवतात. पण पट्टी एका बाजूला जास्त दबते, दांडा मध्य सोडतो, आणि मग कितीही वायसर सरकवा, फिरवलं की तोल बदलतो. तुम्ही जेमतेम अर्धा मिलिमीटर भिंतीचा बुश, म्हणजे ती फट भरणारी धातूची नळी, काढून दिलात. इतकी पातळ भिंत लेथवर न फाटता काढणं काय असतं, ते ज्याने काढलंय त्यालाच ठाऊक.

आणि तो दोन सुती बोल्ट! कॅमेऱ्याखालचे आटे पाव इंची, इंचाला वीस. एम-सिक्स, म्हणजे सहा मिलिमीटरचा बोल्ट, दिसायला जवळपास तसाच, एक-दोन फेरे जातोही, मग अडकतो, आणि जोर लावला की कॅमेऱ्याचे आटे गेले. तुम्ही दोन्ही बोल्ट आट्याला आटा भिडवून उजेडात धरलेत, आणि बरोबर निघाला तो कापून प्लेटच्या वर साडेचार मिलिमीटरच ठेवलात, म्हणजे टोक कॅमेऱ्यातल्या भोकाच्या तळाला टेकणार नाही.

आता दांडा कसा चालतो ते कळवतो. सपाट रस्त्यावर सुरेख. पर्वतीच्या पायऱ्यांवर चित्र वर-खाली उसळतं. पण तो दोष तुमच्या कामाचा नाही, ह्या प्रकारात उसळी शोषणारा स्प्रिंगचा हात नसतो, ते काम गुडघ्यांनी करायचं. झेड ब्रिजवर वारा सुटला की सांधा इतका मोकळा आहे की कॅमेरा वाऱ्याबरोबर वळतो. तिथे दांड्याला सांध्याच्या लगेच खाली दोन बोटं नुसती टेकवावी लागतात, पकडायचं नाही.

सील काढल्यामुळे धूळ आत जाणार, असं तुम्ही बजावलं होतंत. गेलीच. परवा पुन्हा रॉकेलमध्ये धुतलं, फडक्यावर सुकवलं, एक थेंब तेल, कानाशी धरून पाहिलं. खरखर नाही.

पैसे तुम्ही फक्त बुशचे घेतलेत. धुण्याचे विचारले तर ‘त्याला कसले पैसे’ म्हणून पुढच्या जॉबकडे वळलात. तुमच्या फळीवरची तेलाची बाटली तळाला आलेली दिसली होती. येत्या आठवड्यात नवी घेऊन येतो, तेवढी तरी नाही म्हणू नका.

आपला,
सहा सुती दांडेवाला