‘सदर मिळकत निजोखमी आहे’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सांगलीत मी दस्तलेखनाचं काम करतो. खरेदीखतात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, जाण्यायेण्याची वाट, विहिरीतला हिस्सा, बांधावरची झाडं, सगळं लिहितो. शेवटाकडे ठरलेलं वाक्य येतं, ‘सदर मिळकत निर्वेध व निजोखमी आहे’. म्हणजे तिच्यावर कर्ज नाही, कोर्टकज्जा नाही, कुणाचा हक्क अडकलेला नाही. कृष्णेचा बोजा त्यात धरत नाहीत.

पूर, नगररचना आणि परदेशी सहकार्य यांच्या बातम्या आपल्या अंकात वरचेवर असतात. कृष्णा खोऱ्यातल्या पुरासाठी जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा प्रकल्प आहे. नेदरलँड्सबरोबर २०२२ पासून पाण्याच्या विषयात भारताची भागीदारी आहे. आपत्तीला टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठी देशोदेशींची जी आघाडी आहे, ती तर आपल्याच पुढाकाराने उभी राहिली. पंतप्रधानांनी न्यूयॉर्कला ती जाहीर केली सप्टेंबर २०१९ मध्ये. तेव्हा आम्ही सांगलीकर ऑगस्टच्या पुरात भिजलेल्या गाद्या रस्त्यावर टाकून जेमतेम महिना झाला होता. हे टोमण्याने लिहीत नाही. अशी आघाडी हवीच. पण या देवाणघेवाणीतून आपण मागतो काय? सेन्सर, कॅमेरे, नियंत्रण कक्ष, मोबाईलवर इशारा. त्यांच्याकडून घेण्यासारखी जी गोष्ट जवळपास फुकट आहे, ती कुणी मागत नाही.

जपानमधलं माबी हे कुराशिकी शहराचा भाग असलेलं गाव. जुलै २०१८ मध्ये तिथे ओदा नदीचं पाणी मोठ्या ताकाहाशी नदीत शिरेना, मागे फुगलं, बांध फुटले आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. ‘फुगवटा’ हा शब्द सांगली-कोल्हापुरात शाळकरी पोरालाही समजावून सांगावा लागत नाही, त्यामुळे हे वाचताना मला परदेश वाटलाच नाही. पुढची गोष्ट जास्त बोचली. पालिकेने आधीच काढलेल्या पूरधोक्याच्या नकाशात जो भाग रंगवला होता, जवळजवळ तोच भाग बुडाला. नकाशा बरोबर होता. असा नकाशा आहे हे बऱ्याच लोकांना ठाऊक होतं, त्यात आपलं घर कुठे येतं हे थोड्यांना.

मग तिथे दोन कामं झाली. एक खर्चाचं: दोन नद्यांचा संगमच साडेचार-एक किलोमीटर खाली सरकवला. दुसरं नुसत्या कागदाचं. ऑगस्ट २०२० पासून जपानमध्ये घर किंवा जागा विकताना वा भाड्याने देताना मध्यस्थाने हा नकाशा गिऱ्हाइकापुढे उघडायचा आणि ‘तुमची जागा ही इथे’ असं बोट ठेवून दाखवायचं. व्यवहार होण्याआधी. तसा नियमच केला.

आपल्याकडे काय होतं, ते माझ्या टेबलावर पाहिलेलं सांगतो. दोन वर्षांपूर्वी एक तरुण जोडपं आलं, बाहेरच्या तालुक्यातलं, नोकरीसाठी इथे आलेलं. उपनगरातला प्लॉट. मसुदा वाचून झाल्यावर मुलगी म्हणाली, “काका, इथं पाणी येतं का हो?” एजंट माझ्या आधी बोलला. “ताई, २०१९ चं सोडा. तसा पूर काय पुन्हा यायचा नाही.” तो प्लॉट मला माहीत होता. शेजारच्या कुंपणभिंतीवर छातीइतक्या उंचीला चिखलाची रेघ होती, ती त्याच महिन्यात चुना मारून झाकली होती. मी गप्प बसलो. गिऱ्हाईक एजंटानेच आणलं होतं, माझी फी त्याच्याकडून यायची होती. दस्त झाला. २०१९ ला सांगलीत कृष्णेची पातळी जिथे मोजतात त्या आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं आणि ‘पुन्हा यायचा नाही’ म्हणणाऱ्यांना २०२१ ने पंचावन्नच्या आसपास नेऊन आणलं, हे दोन्ही मला त्या वेळी पाठ होतं.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याने मिळकतीतला ठळक दोष सांगितला पाहिजे असं आहे. पण अट अशी, की घेणाऱ्याला तो नेहमीच्या काळजीने कळण्यासारखा नसावा. पूररेषा तर सरकारी नकाशावर आहे, तुम्ही पाहायला हवी होती, एवढं म्हटलं की विकणारा सुटतो. आता पाटबंधारे खात्याच्या पूररेषेच्या नकाशावर आपला गट नंबर शोधून बघा. मी कागदात आयुष्य काढलंय, मलाही एक सबंध दुपार लागली.

निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत बांधकामाला बंदी. मधल्या पट्ट्यात डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे बांधता येतं, जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर उंच घेतलं की झालं. जोतं उंच, गल्ली खालीच. घर कोरडं राहील, पण डायलिसिसला जाणाऱ्या म्हाताऱ्याला बाहेर काढायला बोटच लागेल.

नेदरलँड्सचं उदाहरण आपल्याकडे फार देतात. १९९५ साली तिथे अडीच लाख माणसं हलवावी लागली, त्यानंतर त्यांनी बांध आणखी उंच करण्याऐवजी नदीला जागा द्यायचं ठरवलं. नायमेखन शहरासमोर बांध साडेतीनशे मीटर मागे घेतला, घरं उठवली. एका पोल्डरमध्ये, म्हणजे बांध घालून पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत, तर शेतकऱ्यांनीच सुचवलं, की पूर आला तर पाणी आमच्या रानात घ्या, आम्ही उंचवटे करून त्यावर घरं-गोठे बांधतो. हे जसंच्या तसं इथे होणार नाही. ऱ्हाईनचं पाणी त्यांना काही दिवस आधी दिसतं, आमच्याकडे कोयना आणि वारणा एकदम सुटल्या तर एवढी सवड नसते. नदीकाठची जमीनही आमच्याकडे गुंठ्यांत वाटलेली. शिवाय ऱ्हाईनकाठचे देश १९५० पासून एका आयोगात बसतात, आम्हाला शेजारच्या राज्याबरोबर बसायचं तर आधी कोर्ट आठवतं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर मात्र मी लिहिणार नाही. त्यासाठी सांगलीत कट्ट्याकट्ट्यावर एक तज्ज्ञ आहे.

माझं म्हणणं दस्तापुरतं आहे. सांगलीत प्रत्येक गल्लीला आपला आकडा माहीत असतो. आयर्विनला इशारा पातळी चाळीस, धोका पातळी पंचेचाळीस हे सरकारी झालं. लोक म्हणतात, “अमुक फुटाला आमच्या बोळात पाणी, तमुकला उंबऱ्यावर.” पावसाळ्यात मध्यरात्री फोन येतो तो ‘किती फूट?’ एवढंच विचारायला. हाच आकडा खरेदीखतात का असू नये? मिळकत कोणत्या पूररेषेच्या आत येते, आयर्विनला किती फूट झाल्यावर तिथे पाणी पोचतं आणि २००५, २०१९, २०२१ ला किती चढलं होतं. चतुःसीमेखाली चार ओळी. नोंदणीआधी ऑनलाइन माहिती भरताना रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरतक्त्यातला, विभाग टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, तसाच हा रकाना सक्तीचा करता येईल. कोल्हापूरकरांनी राजाराम बंधाऱ्याचे फूट लिहावेत. गल्लीगल्लीचे हे आकडे गोळा करून नकाशावर बसवायला परदेशी तज्ज्ञ मदतीला आले तर त्यांचं स्वागतच आहे.

यावर बिल्डर म्हणतील, भाव पडतील. पडतील, काही ठिकाणी पडायलाच हवेत. मला काळजी वेगळी आहे. ज्यांनी न कळता घेतलं, त्यांचं घर विकायला निघाल्यावर कागदावर एकदम बुडेल. त्यात ते जोडपंही आहे. त्यांना घरपट्टीत सूट, विम्यात मदत, काहीतरी करावं लागेल. ते कसं, हे माझ्यासारख्याच्या आवाक्यातलं नाही.

गेल्या पावसाळ्यापासून मी मसुद्यात पुराची ही ओळ आपणहून घालतो. सांगून घालतो, चोरून नाही. बहुतेक वेळा विकणारा ती खोडायला लावतो आणि घेणाराही म्हणतो, “राहू दे हो, बँकेचं लोन अडेल.” एका एजंटाने माझ्याकडे येणं बंद केलं. आजवर दोन दस्तांत ती ओळ टिकली, दोन्ही वेळा घेणारी बाई होती.

आपला,
एक दस्तलेखक
सांगली