वाळूत रुतलेल्या जहाजाचे ५,७०० रुपये

प्रति,
व्यवस्थापक (किंवा त्यांच्या वरचे जे कोणी निर्णय घेऊ शकत असतील ते)

विषय : दि. ४ डिसेंबर २०२५, देवबाग (मालवण), संध्याकाळी साडेचारची 'चाच्यांची कुटुंब सफर'. संपूर्ण रक्कम रु. ५,७०० परत मिळण्याबाबत.

तुमच्या ग्राहक सेवेशी माझं चौथं बोलणं आत्ता दहा मिनिटांपूर्वी संपलं. संपलं म्हणजे पलीकडून फोन ठेवला गेला. म्हणून आता लेखी देतोय. सफर कशी असते, जहाजावर काय काय मिळतं हे सांगत बसत नाही. जाहिरात तुम्हीच केली आहे. फक्त त्यातलं 'दोन तास' आणि 'समुद्र' हे दोन शब्द काढून टाका, म्हणजे ती खरी होईल.

आम्ही पाच जण होतो. मी, बायको, अडुसष्ट वर्षांची आई, चौथीतली मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. मोठ्यांचे बाराशे, लहानांचे नऊशे आणि वर दोन मुलांचं 'खजिना शुल्क' दीडशे-दीडशे. खजिना म्हणजे मूठभर चॉकलेटं. त्यातली अर्धी उन्हात वितळून कागदाला चिकटलेली होती. ते असू दे.

मूळ मुद्दा ओहोटीचा आहे. ४ डिसेंबरला पौर्णिमा होती, दत्तजयंती. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंना मी सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्यावरून आल्यावर सहज सांगितलं, की संध्याकाळी साडेचारला तुमच्या बोटीने संगमावरून बाहेर समुद्रात जाणार आहोत. त्यांनी नारळ खोवता खोवता मान वर केली. "आज पुनव मा? पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराक भरती, मगे सव्वापाचाक सुकती. होडी खंयसून भायर जातली?" तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, भरतीची वेळ हातात. हा हिशोब कोकणात स्वयंपाकघरात होतो. त्यात पौर्णिमेची ओहोटी म्हणजे उधाणाची, पाणी नेहमीपेक्षा लांब आत जाणारी. मी कोल्हापूरचा, मला समुद्रातलं काही कळत नाही, म्हणून मी काकूंना म्हणालो, "कंपनी मोठी आहे, त्यांनी बघितलं असेल."

माझी चूक झाली. कंपनीने बघितलं नव्हतं.

साडेचारची बोट पाच वाजायला दहा मिनिटं असताना निघाली आणि सव्वापाचच्या आत कर्ली नदीच्या तोंडाशी वाळूवर बसली. काकूंचा हिशोब तुमच्या संगणकापेक्षा अचूक निघाला. पुढची पन्नास मिनिटं आम्ही तिथेच. पुढे शंभर-दीडशे हातांवर समुद्र दिसतोय, लाटांचा आवाज येतोय, आणि आमच्या जहाजावर स्पीकर लावून 'समुद्राच्या लाटा' ऐकवल्या जातायत. ही कल्पना ज्या कुणाची असेल त्यांचा सत्कार करा.

तुमच्या तांडेलाबद्दल, म्हणजे बोट चालवणाऱ्याबद्दल, माझी काहीही तक्रार नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या तुम्ही त्यालाच कामावरून काढाल. त्याने हळूच मला सांगितलं, "मी दुपारीच फोन केलंय, सुकती आसा म्हणान. ऑफिसवाले आयकतत खंय?" म्हणजे दुपारी तुम्हाला माहीत होतं. तरी २९ माणसं चढवली. बोटीच्या कडेला 'प्रवासी क्षमता २५' असं तुम्हीच रंगवलंय. फोटो सोबत जोडला आहे, त्यात आकडाही दिसतो आणि माणसंही मोजता येतात.

लाइफ जॅकेटचं लिहायला नको म्हणत होतो, पण लिहितो. माझ्या पाच वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाचं जॅकेट दिलं. त्याचा क्लिप तुटलेला होता, तिथे नायलॉनची सुतळी बांधलेली. मुलगा जॅकेटात होता की जॅकेट मुलावर टाकलेलं होतं हे लांबून कळत नव्हतं. लहान मापाचं मागितलं तर तुमच्या बोटीवरचा पोरगा म्हणाला, "काका, इथं पाणी गुडघ्याएवढंच आहे." बरोबर, कारण बोट बाहेर गेलीच नाही! पण ती जाणार होती ना? मे २०२२ मध्ये इथे शेजारीच तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाच्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोन माणसं गेली. ती बातमी तुमच्या ऑफिसपर्यंत पोचली नसेल तर फारच आश्चर्य आहे.

आता तुमच्या 'थीम'बद्दल. कप्तान आला. डोळ्याला पट्टी, हाताला प्लॅस्टिकचा आकडा, डोक्यावर कवटीची टोपी. इथपर्यंत मुलं खूश होती. मग त्याने माइक घेऊन ओळख करून दिली : "मी कोकणचा सगळ्यात खतरनाक लुटारू, कॅप्टन अँग्रिया!"

अँग्रिया म्हणजे आंग्रे. कान्होजी आंग्रे, मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख. इंग्रजांनी त्यांच्या कागदांत नाव असं लिहिलं आणि पुढे चाचा असं जोडलं, कारण या माणसाने आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांकडे दस्तक, म्हणजे परवाना, मागितलं आणि दस्तक नसेल त्याचं जहाज धरलं. पोर्तुगीज तोच धंदा कर्ताझ नावाने त्यांच्या आधी दोनशे वर्षं करत होते, त्यांना कुणी चाचा म्हटलं नाही. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले, तरी हात हलवत परत गेले. मुंबईत नौदलाच्या तळाचं नाव आज आयएनएस आंग्रे आहे. आणि तुम्ही हा प्रयोग कुठे लावता? १६६४ मध्ये पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग जिथून जवळ आहे तिथे. कोणत्या दिवशी? ४ डिसेंबरला, नौदल दिनी. दोनच वर्षांपूर्वी, २०२३ मध्ये, नौदलाने हाच दिवस इथेच मालवणात साजरा केला होता. मुद्दाम ठरवूनही इतकं जमलं नसतं.

माझ्या मुलीने सकाळी किल्ल्यावर गाइडचं सगळं तोंड उघडं ठेवून ऐकलं होतं. तिने मला विचारलं, "बाबा, आंग्रे चोर होते?" मी सांगितलं, नव्हते. तर कप्तानसाहेब माइकवरून म्हणाले, "पप्पांना इतिहास येत नाही वाटतं, पप्पांना फळीवर चालवायचं का?" आणि २८ माणसं हसली. मी पण हसलो, काय करणार. जहाज रुतलेलं, उतरून जायलाही जागा नाही.

खायचं. बुकिंगच्या वेळी तुम्ही 'आहाराची विशेष सूचना' असा रकाना देता. त्यात मी लिहिलं होतं : एक व्यक्ती, दत्तजयंतीचा उपवास. आईला आधीच टोचत होतं, की दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला जायचं सोडून आपण समुद्रावर आलोय. तिच्या हातात तुम्ही काय दिलंत? क्रिस्पी चिकनचा पुडा. तिने तो दोन बोटांत धरून पन्नास मिनिटं ठेवला, कारण खाली ठेवायला कोरडी जागा नव्हती.

शेवटी अंधार पडायला लागल्यावर आम्हाला खाली उतरवलं. पाणी गुडघ्याच्या वर. गुडघेदुखीची माझी आई लुगडं सावरत, एका हाताला तांडेल आणि दुसऱ्या हाताला मी, अशी वाळूवर आली. तिथून तुमच्या तिकीट खिडकीपर्यंत ओल्या कपड्यांत पाऊण तास चाललो. खिडकी बंद झाली होती. त्या संध्याकाळी एकच गोष्ट ठरल्याप्रमाणे वेळेवर झाली. चंद्र उगवला. तो तुमच्या पॅकेजात नव्हता.

हे झालं सफरीचं. यासाठी मी कदाचित एवढं लांब पत्र लिहिलं नसतं. सुट्टीत असं होतं म्हणून सोडूनही दिलं असतं. पण आजचा फोन सोडून देण्यासारखा नाही. तो बावीस मिनिटांचा होता, त्यातली अकरा मिनिटं मी पुन्हा तुमच्या त्या लाटाच ऐकत होतो. नंतर एक ताई आल्या. त्यांचं नाव लिहीत नाही, बिचाऱ्या समोरच्या कागदावरचं वाचत असाव्यात. संभाषण जसंच्या तसं :

"सर, डॉल्फिन हा नैसर्गिक प्राणी आहे, त्याची खात्री कंपनी देत नाही."

मी म्हटलं, ताई, डॉल्फिनबद्दल मी एक शब्द बोललेलो नाही. तो वन्यजीव कायद्याने संरक्षित प्राणी आहे, तुमचा नोकर नाही, त्याला यायचं तर येईल. बोट समुद्रात गेली नाही, ही माझी तक्रार आहे.

"ओके सर. म्हणजे डॉल्फिन दिसला नाही."

नाही ताई. समुद्र आला नाही.

"सर, पण बोट सुटली होती ना? दोर सोडला की सेवा सुरू झाली. सुरू झालेल्या सेवेचा परतावा नाही."

ती वाळूत रुतली होती. पन्नास मिनिटं.

इथे त्यांनी कागद उलटला, मला आवाज आला. "सर, ते आमच्या थीममध्ये येतं. निर्जन बेटावर अडकलेले चाचे. बऱ्याच फॅमिलीजना तो भाग आवडतो."

मी दोन वेळा विचारलं, म्हणजे मुद्दाम रुतवली? तर, "मुद्दाम नाही सर, पण थीममध्ये येतं."

मग मी आईचं सांगितलं. पाण्यातून चालत आणली, उपवासाला चिकन दिलं. उत्तर : "सर, खायची जबरदस्ती कुणी केली का?" आंग्र्यांचं सांगितलं. उत्तर : "इतिहास आमच्या विभागात येत नाही." कुठल्या विभागात येतो तेही मी विचारलं. लाटा लागल्या.

परत आल्या त्या एकदम ताठ आवाजात. "सर, तुमच्या बुकिंगवर पाच तारे दिसतायत. 'अविस्मरणीय अनुभव' असं तुम्ही स्वतः लिहिलंय. मग आता तक्रार कशाची?"

व्यवस्थापक, हे तारे कधी दिले गेले ते तुम्हाला पक्कं माहीत आहे, पण लिहून देतो. बोट सुटायच्या आधी. धक्क्यावर. तुमचा माणूस चाच्यांच्या टोप्यांची पिशवी घेऊन उभा होता, आणि मोबाइलवर कोड स्कॅन करून पाच तारे दाखवल्याशिवाय मुलाला टोपी मिळत नव्हती. मजकूरही तयार येत होता, 'पाठवा' एवढंच दाबायचं. माझा पाच वर्षांचा मुलगा टोपीसाठी रडत होता. मी दाबलं. त्या पाच ताऱ्यांची वेळ बघा, बोट सुटायच्या बारा मिनिटं आधीची निघेल. न झालेली सफर मला अविस्मरणीय कशी वाटली, हे तुमच्या संगणकालाच विचारा.

हे मी ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, तारे दिल्यावर मागे घेता येत नाहीत. पण तुम्ही नाराज आहात म्हणून पुढच्या सफरीवर पंधरा टक्के सूट देते. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून, पाच प्रवाशांना." आणि फोन ठेवला.

पंधरा टक्के सूट! पुन्हा तुमच्याकडे यायला!

बायको म्हणते, पत्रात टोमणे नकोत, मुद्द्याचं लिहा. तर मुद्द्याचं लिहितो. ओहोटी अचानक आली नाही. तिची वेळ दुपारी तांडेलाने कळवली होती, सकाळी काकूंनी तोंडी काढली होती, आणि पौर्णिमा तर पंचांगात केव्हाच छापलेली होती. तरी तुम्ही साडेचारची फेरी विकलीत. याला सेवेतली त्रुटी म्हणतात. फेरीच्या आधी टोपीच्या बदल्यात ताऱ्यांची वसुली करणं याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात. हे शब्द माझे नाहीत, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातले आहेत. मी सहकारी बँकेत नोकरीला आहे, असले कागद रोज वाचतो.

मला हवंय ते असं. पूर्ण ५,७०० रुपये, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात. माझ्या नावावरचे पाच तारे काढून टाकणं. आणि कप्तानाचं नाव बदलणं. चाचेच दाखवायचे तर परदेशी दाखवा, आमची हरकत नाही. आंग्र्यांना तेवढं सोडा.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट बघतो. त्यानंतर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद, आणि कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. हो, कोल्हापूरच्याच. नव्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे घाट चढून तारखांना तुमच्या माणसाला यावं लागेल. पाच लाखांच्या आतल्या प्रकरणाला फीही नाही. क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी आणि सुतळीचं जॅकेट यांचे फोटो मेरीटाइम बोर्डाला वेगळे पाठवतोय, त्याला पंधरा दिवस थांबणार नाही.

मालवणला आम्ही पुन्हा येणार. काकूंकडेच उतरणार, आणि त्यांना विचारून एखाद्या साध्या होडीने जाणार.

तुमच्याकडे पाच तारे अडकलेला,
एक ग्राहक, कोल्हापूर

सोबत : तिकीट, बोटीचे फोटो (४), तारे दिल्याच्या वेळेचा स्क्रीनशॉट.

ता.क. : टोपी कुरिअरने परत पाठवली आहे. मुलाने ती तीन दिवस घातली, चौथ्या दिवशी कवटीचा रंग त्याच्या कपाळावर आला. साबणाने गेला नाही, खोबरेल तेलाने गेला.