पाठ सांभाळ म्हणालास, म्हणून

प्रिय बाळा,

माझा वजन उचलतानाचा व्हिडिओ बघून परवा फोनवर तू पुन्हा पुन्हा एकच म्हणत होतास, "आई, या वयात कशाला? पाठ सांभाळ." तुझा जीव तुटतो माझ्यासाठी, हे कळतं मला. पण तेव्हा नीट सांगणं झालं नाही, आणि तू हा घोर मनाला लावून घेणार हेही माहीत आहे. म्हणून बैजवार लिहिते.

पाठ सांभाळायची म्हणूनच मी बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या (प्लेट्स) लावायची ती लोखंडी दांडी, हातात घेतली. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की नवं हाड बनण्यापेक्षा जुनं झिजतं जास्त. माझ्या तपासणीत हाडांची घनता कमी आली, तेव्हा भेटेल त्याने एकच सल्ला दिला: जड उचलू नका, वाकू नका, जपून राहा. जपून राहिलं की काय होतं, सांगू? जमिनीवर बसलं की उठायच्या आधी डोळे हात टेकायला जागा शोधतात. जिना दिसला की आधी कठडा कुठल्या बाजूला आहे ते बघितलं जातं. आणि हे सगळं इतकं सावकाश होतं, की 'आता वय झालं' म्हणून आपण ते मान्यही करून टाकतो.

मग एका फिजिओथेरपिस्टने मला समजेल असं सांगितलं. हाड जिवंत असतं. त्याच्यावर भार आला की ते त्या भाराला पुरेल इतकं घट्ट होत जातं आणि भार येईनासा झाला की शरीर त्याच्यावर खर्च करणं थांबवतं. तिने मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेला, ऑस्ट्रेलियातला, 'लिफ्टमोर' नावाचा. पाळी गेलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या शंभरेक बायका होत्या. त्यातल्या निम्म्यांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं), स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन उठबस) आणि ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलणं) केलं. तेही सुरुवातीच्या सरावानंतर चांगल्या जड वजनाने, आणि प्रत्येक वेळी जाणकाराच्या नजरेखाली. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. दुखापत म्हणावी अशी एकच नोंद, कमरेत लचक भरल्याची. तुला आकडे पटतात, म्हणून आकडे दिले. मला स्वतःला पटायला मात्र बार उचलावा लागला.

पहिले काही आठवडे बारसुद्धा मिळाला नाही. हलकी काठी पाठीला लावून उभं राहायचं: डोकं, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही काठीला टेकलेले. मग पाठ न वाकवता नुसते नितंब मागे ढकलत खाली जायचं. हे दिसतं सोपं, पण जन्मभर कमरेतून वाकायची सवय असलेल्या शरीराला ते नव्याने शिकवावं लागतं. माझी ट्रेनर तुझ्याहून लहान आहे. पण बारजवळ मी तिचा शब्द मोडत नाही, आणि काठीवरून बारवर आणायची तिने जराही घाई केली नाही याबद्दल मी तिची ऋणी आहे. बायकांचा बार मिळाला तो पंधरा किलोचा, जरा बारीक, मुठीत नीट मावणारा. त्यावर प्लेट्स चढत गेल्या त्या अगदी लहान लहान.

व्हिडिओत तुला फक्त माझं लाल झालेलं तोंड दिसलं. त्याच्या आधीचं सांगते. बार पावलांच्या मध्यावर येईल असं उभं राहायचं, नडग्यांपासून दोन बोटं अंतर. वाकून पकडायचा. पकड घसरू नये म्हणून हाताला चॉकची पांढरी पूड असते, तरी बारवरची खरखरीत जाळी तळव्याला टोचते. मग पोटात श्वास भरून तो सगळ्या बाजूंनी घट्ट धरायचा, जणू कुणी आता पोटात बुक्की मारणार आहे. उचलायच्या आधी बार हलकेच वर ताणायचा. प्लेटच्या भोकात जी इवलीशी ढील असते ती निघते आणि 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज आल्याशिवाय मी खेचत नाही. त्यानंतर हिसका नाही, पायांनी जमीन खाली ढकलायची. पाठ त्या वेळी वाकत नसते, ती जागेवर धरून ठेवलेली असते. तू जिच्यासाठी घाबरलास ती पाठ तेवढे क्षण माझ्या अख्ख्या दिवसात सगळ्यात जास्त सांभाळलेली असते.

हे सुरुवातीला भराभर वाढतं, आणि त्याचं कारण मला फार आवडलं. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसे मोठे होत नाहीत. मेंदू आणि मज्जातंतू आपल्याकडे असलेलेच स्नायू एकदम कामाला लावायला शिकतात. म्हणजे ती ताकद माझ्याकडे होती, बाळा. तिला कुणी कधी बोलावलं नव्हतं.

पुढे मात्र सगळं सावकाश. आता माझं डेडलिफ्ट ऐंशी किलोवर आलंय, माझ्या स्वतःच्या वजनापेक्षा बरंच जास्त. मधे एकदा बराच काळ आकडा अडकला होता. झोप नीट झाली, खाण्यातली प्रथिनं वाढवली, मधले विश्रांतीचे दिवस खरोखर विश्रांतीत घालवले, तेव्हा तो हलला. आणि वेदनेचंही सांगते, कारण ते तू विचारणारच. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, ते चालतं. सांध्यात टोचल्यासारखं झालं किंवा पायात कळ उतरली, तर बार तिथेच खाली. तो नियम मी कुणासमोरही मोडलेला नाही.

तुझ्या मावशीला वाटतं, मी पुरुषी दिसायला लागेन. स्नायू वाढवणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बायकांच्या शरीरात पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं. तसे दंड वाटेवर पडलेले नसतात. पण खरं सांगू, मला तो प्रश्नच छोटा वाटतो. ऑलिम्पिकमध्ये बायकांना वेटलिफ्टिंग करू द्यायला २००० साल उजाडलं. पुरुष १८९६ पासून उचलत होते. त्या पहिल्याच संधीला सिडनीत कर्णम मल्लेश्वरीने दोन प्रकारांत ११० आणि १३०, एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक आणलं. तेव्हा मी ते कौतुकाने पाहिलं होतं, पण त्यात माझ्यासाठी काही आहे असं मनातही आलं नव्हतं. मला वजन म्हणजे काट्यावरचा आकडा एवढंच माहीत होतं, आणि तो कमी होण्यातच शहाणपण. आता वहीत मी जो आकडा लिहिते तो वाढला की दिवसभर अंगात उत्साह असतो. हा आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशाने दिला नाही.

तर आता मुख्य बातमी. पुढच्या महिन्यात पॉवरलिफ्टिंगची एक छोटी स्पर्धा आहे, फक्त डेडलिफ्टची, आणि मी पन्नाशीपुढच्या गटात नाव दिलंय. प्रत्येकीला तीन प्रयत्न. तीन पंच असतात, तिघांतल्या दोघांनी पांढरा दिवा दिला की लिफ्ट ग्राह्य. बार वर आला तरी पंच 'डाऊन' म्हणेपर्यंत धरून ठेवायचा, त्याआधी खाली ठेवला तर बाद. पहिला प्रयत्न मी हमखास जमेल असा, सत्तरचा ठेवणार आहे. दुसरा साडेसत्याहत्तर. तिसरा त्या दिवशी अंग काय म्हणतं त्यावर ठरवू, असं ट्रेनर म्हणते. मला साडेब्याऐंशी हवाय.

तू आलास तर मला फार बरं वाटेल. सुट्टी मिळते का बघ आणि लवकर कळव. मात्र माझा पट्टा आणि बूट असलेली बॅग माझी मीच उचलणार.

तुझी,
आई