साठ चौकोनांचं कार्ड

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

हे पत्र टपालाने पाठवायचं सोडून सगळ्यांसमोर लिहितोय, त्याला कारण तुम्हीच. सत्काराचा विषय काढला तेव्हा तुम्ही म्हणालात, "शाली माझ्याकडे दोन आहेत, तिसरी ठेवायला कपाटात जागा नाही." वर दम दिलात की स्टेजवर बोलावलंत तर मी येणारच नाही. मग आमच्या हातात उरलं काय? आम्ही नाटकवाले. लोकांसमोर बोलल्याशिवाय आम्हाला बोलल्यासारखं वाटत नाही. तेव्हा एवढं सहन करा.

निमित्त सांगतो. महिन्याला वीस रुपये दिले की एका चौकोनात सही, अशी आमच्या नाट्यसंस्थेच्या सभासदांची कार्डं; गेल्या आठवड्यात पहिल्या सभासदांची भरली. साठच्या साठ चौकोनांत सह्या. पोस्टाच्या आरडीचे हप्ते साठ असतात म्हणून आपणही साठच चौकोन छापले होते, आणि तेव्हा आमच्यातल्या निम्म्या लोकांना वाटत होतं की सहा भरले तरी पुष्कळ. त्या निम्म्यांत मीही होतो.

ती रात्र तुम्हाला आठवते का, ठाऊक नाही. मी विसरणं शक्य नाही. राज्य नाट्य स्पर्धेआधीचा आमचा प्रयोग. सहाशे खुर्च्यांच्या सभागृहात सदतीस माणसं, त्यातली अकरा आमच्याच घरची. तिसरी घंटा मी दहा मिनिटं लांबवली. आणखी कोणी येईल म्हणून नव्हे, पडदा उघडायला हात होईना म्हणून. प्रयोग संपल्यावर मेकअपच्या खोलीच्या दारात तुम्ही उभ्या होतात. हातात ती निळी रेक्झिनची बॅग आणि मोजून दुमडलेल्या नोटा. "तिकिटाचे पैसे कोणाकडे द्यायचे? दारावरचा मुलगा म्हणाला, जा काकू तशाच, कोण विचारतंय." मी पण तेच म्हणालो, राहू द्या हो. तुम्ही नोटा माझ्या हातात कोंबल्यात आणि विचारलंत, "गेल्या वर्षी कोण कोण आलं होतं, त्याची यादी आहे का?"

यादी नव्हती. सव्वीस वर्षांची संस्था, कपाटभर ढाली आणि करंडक, आणि आपला प्रेक्षक कोण हे सांगणारा एक कागद नाही. तुमच्या बॅगेत मात्र दोनशेच्या वर घरं होती. घरोघर पोस्टाच्या आरडीचे हप्ते गोळा करणाऱ्या, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट म्हणून तुम्ही ती दारं तेवीस वर्षं वाजवत होतात, शंभराला चार रुपये कमिशनवर. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाचं दुकान बसलंय, कोणाला पगार सात तारखेला होतो, सगळं पाठ. आमच्यापैकी कोणालाही आपल्या गावाची एवढी माहिती नव्हती, आणि आम्ही मात्र तावातावाने म्हणायचो की गावाला कलेची कदर नाही.

त्यानंतरच्या बैठकीला तुम्ही आलात ते बरं झालं, नाहीतर आम्ही अजूनही अर्जच टाइप करत बसलो असतो. कंपनी कायदा २०१३ मध्ये सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाच्या, यादीत कला-संस्कृती येते, हे कोणीतरी शोधून काढलं होतं. तेवढ्यावर आम्ही पाच कंपन्यांना रंगीत प्रस्ताव पाठवले. एकीकडून उत्तर आलं: तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट पाठवा. आमची संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली रीतसर नोंदलेली, पण धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज, म्हणजे नव्या पदाधिकाऱ्यांची नोंद, दाखल करायचं आम्ही इतकी वर्षं विसरलो होतो की कागदोपत्री आमचे अध्यक्ष स्वर्गवासी होते. त्यांच्या सहीने ऑडिट कसं करणार? पुढचा पाऊण तास आम्ही एकमेकांवर खापर फोडण्यात घालवला.

त्याच बैठकीत कोणीतरी 'मंथन'चा दाखला दिला. १९७६ चा चित्रपट, गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला. आपणही असंच आवाहन करू, माणशी दोन रुपये, पोस्टर लावू, वगैरे. तुम्ही एवढा वेळ गप्प होतात. म्हणालात, "ते लोक सकाळ-संध्याकाळ दूध घालायला यायचे. वर्षानुवर्षं. तुमच्याकडे रोज कोण येतं?"

कोणीच काही बोललं नाही. तो प्रश्न मी पुढे तालमीच्या खोलीतल्या फळ्यावर लिहून ठेवला. अजून पुसलेला नाही.

पुढच्या पाच तारखेला तुम्ही मला फेरीला नेलंत. खरं सांगतो काकू, मला लाज वाटत होती. शाळेत मी मराठी शिकवतो; आपल्याच विद्यार्थ्यांच्या दारात वीस रुपये मागायला उभं राहायचं? तुम्ही काही समजावलं नाहीत, फक्त चालत राहिलात. पाहून पाहून मला जे कळलं ते असं: बॅग आधी उघडायची नाही. आत बोलावलं तरी बसायचं नाही, बसलं की पुढची चार घरं राहतात. गेल्या वेळी जो विषय अर्धा राहिला तिथूनच बोलायला सुरुवात करायची. आणि पैसे नाहीत म्हणाले तर तोंड पाडायचं नाही, त्या महिन्याच्या चौकोनात नुसती तारीख टाकायची, आपण येऊन गेल्याची. "पैसा पुढच्या महिन्यात दुप्पट येतो. चुकलेली फेरी येत नाही," असं तुम्ही जिना उतरताना म्हणालात, धापा टाकत. गुडघे तेव्हाच दुखत होते तुमचे.

तिसऱ्या की चौथ्या घरी त्या ताई म्हणाल्या, "आम्हाला बाई नाटकातलं काय कळतंय." मी समजूत घालायला तोंड उघडणार, एवढ्यात तुम्ही म्हणालात, "नाटकाचं सोड. यांचा पडदा बघितलास का? एका बाजूने हातभर लोंबतोय. तुझ्या मशीनवर बसेल का तो?" पडदा रिक्षात घालून त्यांच्याकडे गेला. मखमल जड, मशीनची सुई दोनदा मोडली, शेवटी त्यांनी खालची पट्टी हाताने घातली. जाड दुहेरी दोरा, बोटभर अंतरावर एकेक टाका. प्रयोगाच्या दिवशी त्या आळीतल्या चौदा बायका घेऊन आल्या, आणि पडदा उघडला तेव्हा त्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. नट अजून आलेच नव्हते स्टेजवर! आमचा प्रमुख नट आजही तो किस्सा जरा कडवट चेहऱ्याने सांगतो.

तिथून मला युक्ती कळली. मग आम्ही पैशांच्या आधी काम मागू लागलो. फ्लेक्स आल्यापासून ज्यांचा ब्रश सुटला होता त्या जुन्या बोर्ड पेंटरांनी नेपथ्यातला वाड्याचा चौक रंगवून दिला. सावली कुठून पडते ते विचारायला ते प्रकाशयोजनेच्या तालमीला तीन रात्री येऊन बसले. मांडव घालणाऱ्याने लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, ठेवायला गोदामाचा कोपरा दिला. आणि ज्याने कोपरा दिला तो प्रयोगाला येतोच, त्याला सांगावंही लागत नाही.

चित्रकार मंडळींचं गाडं मात्र अडलं होतं. आमच्या इथे कलाशिक्षक आणि त्यांच्या हाताखाली एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिलेली मुलं बरीच, पण प्रदर्शन म्हणजे वर्षातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये दोरीला चित्रं टांगायची, उद्‌घाटनाला पाहुणे, दुसऱ्या दिवसापासून शुकशुकाट. नाटकाला निदान तारीख असते. चित्र भिंतीवर मुकाट असतं. तुम्ही विचारलंत, "भिंती काय शाळेलाच आहेत का?" त्यातून फिरती चित्रं सुरू झाली. महिन्याच्या फेरीबरोबर एका घरातलं चित्र उतरवून दुसऱ्या घरी लावायचं. एका ठिकाणी चित्र गॅसच्या शेगडीजवळ लावलं आणि जलरंगातल्या नदीवर तेलाचे थेंब उडाले. चित्रकार दोन महिने माझ्याशी बोलला नाही; चूक माझी, मी काच न लावता दिलं होतं. पण एका आजोबांनी महिना संपल्यावर चित्र परत द्यायला नकार दिला आणि हप्त्याहप्त्याने विकत घेतलं. हप्त्याची कल्पना अर्थात कोणाची ते सांगायला नकोच.

काकू, मी दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाचं भाषण करतो. १८४३, सांगली, विष्णुदास भावे, सीतास्वयंवर, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचा राजाश्रय. इतकी वर्षं मी तिथेच थांबायचो. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले, आश्रय संपला, भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावं लागलं आणि १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले, ही गोष्ट मी एका वाक्यात उरकायचो. जणू ती पडझडीची गोष्ट होती. आता मला वाटतं, आपली सगळी हौशी मंडळी मनातून अजून आप्पासाहेबांची वाट बघतात. साखर कारखाना, आमदार, सीएसआर, नावं तेवढी बदलली. उलट गडचिरोलीकडे वडसा-देसाईगंजला झाडीपट्टीची नाटकं बघा. धानाची कापणी झाली की गावोगावची मंडळं प्रयोग ठरवतात, मंडप घालतात, तिकिटं खपवतात, रात्रभर नाटक चालतं आणि पाहुणेरावळे खास त्यासाठी गावाला येतात. दर्जाबद्दल नाकं मुरडणारे आमच्यातही आहेत. पण रिकाम्या खुर्च्यांसमोर दर्जेदार नाटक केलेला माणूस म्हणून सांगतो, मला त्यांचा हेवा वाटतो.

एक भीती मात्र मला खरोखर होती. लोकांच्या वीस रुपयांवर चाललो तर लोक सांगतील तेच नाटक करावं लागेल. दुसऱ्या वर्षी आम्ही ते दोन पात्रांचं, लांबलचक शांततांचं नाटक केलं तेव्हा ती भीती खरी ठरणार असं वाटलं. मध्यंतरात काही जण उठून गेले. तुम्ही दुसऱ्या अंकात चक्क झोपलात. मी विंगेतून पाहत होतो. दुसऱ्या दिवशी भीत भीत विचारलं, कसं वाटलं? "मला नाही आवडलं. पुढची फेरी पाच तारखेला." बस, एवढंच. त्या महिन्यात सहा घरं सुटली, हेही लिहून ठेवतो, कारण सगळं गोडच झालं असं नाही. बाकीच्यांनी दारात उभं राहून आमच्याशी भांडण केलं, शेवट कळला नाही म्हणून, आणि भांडता भांडता वीस रुपये दिले. स्पर्धेच्या परीक्षकांनी आमच्या नाटकावर इतका वेळ कधी घालवला नव्हता.

तुमच्याशी माझं एकाच बाबतीत पटलं नाही. तुम्हाला एकही फुकट पास नको होता, अगदी लेखकालासुद्धा. लेखकाची परवानगी घ्यायची, त्याचं मानधन वेळेवर पोचवायचं, आणि वर त्याच्याकडून तिकीट? तिथे मी ऐकलं नाही. अजूनही मला वाटतं माझं बरोबर होतं.

हिशेब तुम्हाला आवडतो म्हणून देतो. आज एकशे चाळीस कार्डं चालू आहेत, म्हणजे महिन्याचे दोन हजार आठशे. त्यात तालमीच्या खोलीचं भाडं आणि विजेचं बिल निघतं, त्यापलीकडे फार काही नाही. नेपथ्य आणि सभागृह तिकिटांतूनच काढावं लागतं. पण खोली बारा महिने उघडी असते. पूर्वी स्पर्धेचं परिपत्रक आलं की आम्ही जमायचो आणि निकाल लागला की पांगायचो. आता पाच तारीख आली की जमावंच लागतं, फेरीच्या वह्या वाटायला. बदल अर्ज मंजूर झाला आहे, ऑडिट दर वर्षी होतं, अध्यक्ष हयात आहेत. मागच्या प्रयोगाला तीनशे बारा तिकिटं गेली. दारावर तोच मुलगा होता. आता तो मुख्यमंत्र्यांनाही तिकिटाशिवाय सोडणार नाही.

तुमची फेरी आता दोघी मुली करतात, कॉलेजच्या. एकीला सगळी घरं पाठ झालीत. दुसरी अजून आत जाऊन बसते, आणि मग रात्री नऊपर्यंत फेरी संपत नाही. मी रागावत नाही. तिने परवा एका घरातून तबलजी शोधून आणला, आम्ही वर्षभर शोधत होतो.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही लेकाकडे गेलात, तेव्हापासून सगळे विचारतात, काकू कधी येणार. मीही विचारतोय, पण माझं कारण वेगळं आहे. एक नंबरचं कार्ड तुमचं. पहिल्या दिवशी तुम्हीच भरून घेतलं होतंत, स्वतःच्या हाताने. आज काढून बघितलं, अठ्ठावन्न सह्या आहेत. दोन महिन्यांचे चाळीस रुपये बाकी निघतात.

येत्या पाच तारखेला सकाळच्या एसटीने मी तिकडे येतोय, पावती पुस्तक घेऊन. आत बोलावलंत तरी बसणार नाही.

आपला,
कार्यवाह
(आणि तालमीच्या खोलीतले सगळे)