सेरा द एश्ट्रेलाच्या चीज-सहलीबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी आपण लिस्बनहून पोर्तुगालमधील सेरा द एश्ट्रेला या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या सेलोरिको द बेइरा परिसरातील एका मेंढपाळ कुटुंबाच्या चीजघरास भेट देणार आहोत.

सेरा द एश्ट्रेला चीज मेंढीच्या कच्च्या दुधाचे असते आणि दूध घट्ट करण्यासाठी प्राणिज रेनेटऐवजी (वासरा-कोकरांच्या जठरातून मिळणाऱ्या द्रव्याऐवजी) कार्दू या काटेरी वनस्पतीच्या वाळलेल्या फुलांचा अर्क वापरला जातो. त्यामुळे रेनेटमुळे चीज टाळणाऱ्या शाकाहारी सभासदांनाही ते निःशंकपणे चाखता येईल. गरोदर सभासदांनी मात्र कच्च्या दुधामुळे ते खाऊ नये, ही कळकळीची विनंती.

किमान ३० दिवस मुरलेल्या चीजचा वरचा थर झाकणासारखा कापून आतील मऊ गर चमच्याने ब्रोआ या मक्याच्या पावावर घेतात. चीज मध्यभागी ठेवून सर्वांनी मिळून खायचे असल्याने वेगळ्या ताटल्या मागू नयेत.

या मेंढ्या दूध बेताचेच देतात आणि काम हाताने चालते, म्हणून खरेदी करताना घासाघीस करू नये. थेट उत्पादकाकडून घेतलेल्या चीजचे पूर्ण पैसे त्या कुटुंबाला मिळतात, हे मला फार मोलाचे वाटते.

नावे गुरुवार सायंकाळपर्यंत कळवावीत.

– सचिव