हिरण्यकेशी जिथून निघते

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

गेल्या शनिवारी म्हापशाहून सावंतवाडीमार्गे घाट चढून आम्ही आंबोलीला गेलो. धुकं इतकं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. धबधब्यापाशी थांबलोच नाही. मला हिरण्यकेशीची गुहा बघायची होती.

बाबा, तुम्ही माझ्या पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून मला पोहायला शिकवलंत ते याच नदीत. आई, गौरी आणायला तू कळशी घेऊन जायचीस तीही हीच. पण गडहिंग्लजला येण्याआधी ती कुठून निघते, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. ही गुहा कुणी कोरलेली नाही, निसर्गानंच घडवलेली आहे. पार्वतीच्या देवळापाशी, त्या काळोखातून पाणी बाहेर येतं. मी ओंजळ भरली आणि तशीच उभी राहिले. बाबा, तुमची फार आठवण आली.

इथं बोटाएवढा एक मासा आहे, शिस्टुरा हिरण्यकेशी. 2020 साली त्याची नवी जात म्हणून नोंद झाली आणि लगेच 2021 मध्ये सरकारनं ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. पावसानं पाणी चढलं होतं, मासा काही दिसला नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही. तो तिथं सुखरूप आहे, एवढं पुरे.

रात्री गावातल्याच एका मुलाबरोबर बॅटरी घेऊन फिरलो. पाण्यावर वाकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकत होता. मलबारी उडत्या बेडकाचं घरटं! मादी मागच्या पायांनी फेस घुसळते आणि त्यात अंडी घालते. आई, अगदी तुझ्या रवीखालच्या ताकाचा फेस. पिल्लं सुटली की थेट खालच्या पाण्यात पडतात. पुढे एक चापडा साप वेटोळं घालून निवांत बसला होता. धाकट्यानं माझा हात घट्ट धरला, पण मागे सरला नाही. जांभ्याच्या सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, डबक्यात अंगावर पिवळे पट्टे असलेला आंबोलीचा भेक दिसला. 2009 मध्ये त्याची नोंद झाली. आंबोलीच्या परिसराबाहेर तो कुठं सापडत नाही. तिथं मी पोरांना पाय जपून टाकायला लावले.

परतताना धाकट्याला सांगितलं की समुद्र इतका जवळ असूनही ही नदी तिकडं न जाता पूर्वेला वळते, आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला मिळते, मग कृष्णेला. त्यानं विचारलं, आज गुहेतून निघालेलं पाणी आजोबांच्या घाटावर किती दिवसांनी पोचेल? मला सांगता आलं नाही. बाबा, तुम्ही सांगा. तो रोज विचारतोय.

गुडघ्याला तेल लावत जा. गणपतीला आम्ही येतोय.

तुमची,
ताई