‘त्यांना नाही आवडणार’ हे कोणी ठरवलं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जोडप्यांनी मिळून नवीन काहीतरी शिकावं, असा सल्ला देणारा लेख आला होता. सल्ल्याबद्दल माझी तक्रार नाही, माझं पोट त्यावरच चालतं. मी मोठ्या माणसांना पोहायला शिकवते. पण जोडपी असं का करत नाहीत याची जी कारणं लेखात आहेत (वेळ नाही, मोबाइल सुटत नाही, दिवसाअखेर जीव दमलेला असतो), ती लोकांनी सांगितली तशीच्या तशी उतरवून घेतलेली वाटली. नावनोंदणीच्या टेबलामागून मला दिसतं ते थोडं निराळं आहे.

ज्यांना खरोखरच वेळ नसतो ते लगेच ओळखू येतात. ते आल्या आल्या वेळापत्रक मागतात आणि बॅच अर्धा तास अलीकडे घेता येईल का म्हणून हुज्जत घालतात. घरात लहान मूल असेल तर एकाने पाण्यात उतरायचं आणि दुसऱ्याने मुलापाशी थांबायचं, हे गणित कुठल्याही लेखाने सुटणारं नाही. त्यांना मी काय शहाणपण शिकवणार? पण बरेच जण वेळापत्रकाकडे नजरही टाकत नाहीत आणि ‘वेळच नाही हो’ म्हणून मोकळे होतात. तिथे पाणी दुसरीकडेच मुरत असतं.

ते मुरतं ‘त्यांना नाही आवडणार’, ‘तिला नाही जमणार’ या उत्तरांत. प्रश्न एकाला विचारावा आणि उत्तर दुसऱ्याने द्यावं, हे मी रोज बघते. मध्यंतरी एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या, स्वतःचं नाव घातलं आणि त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘हे नुसते बसतील. यांना पाण्याची भीती आहे.’ तो गृहस्थ भिंतीवरचे नियम वाचत उभा होता. मी त्यालाच विचारलं, तर म्हणाला, ‘पाण्याची नाही हो. चष्मा काढला की मला समोरचं माणूस दिसत नाही, त्याची भीती वाटते.’ पोहण्याचे गॉगल चष्म्याच्या नंबरचे मिळतात, हे दोघांनाही माहीत नव्हतं. त्याहून मोठी गंमत म्हणजे बाई चकित होऊन विचारत होत्या, ‘मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?’ त्यावर तो म्हणाला, ‘तू विचारलंस कुठे?’ दोघंही खरंच बोलत होते.

यात प्रेम नाही असं मुळीच नाही. उलट जोडीदाराला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणूनच आपण त्याच्या वतीने नकार देऊन टाकतो. पण तो नकार नेमक्या कुठल्या माहितीवर उभा असतो? २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात १९ ते ३२ वयाची ३८ जोडपी होती आणि ६२ ते ७८ वयाची २० जोडपी. तरुणांचा सहवास सरासरी दोनएक वर्षांचा, थोरांचा चाळीस वर्षांच्या आसपासचा. पदार्थ, चित्रपट, स्वयंपाकघराची रचना अशा गोष्टींत जोडीदाराची आवड काय असेल, हे ओळखायचं होतं. थोरांचे अंदाज तरुणांपेक्षा जास्त चुकले आणि आपण बरोबर आहोत याची खात्री मात्र त्यांनाच जास्त होती. स्वान आणि गिल या संशोधकांनी १९९७ मध्येही असंच दाखवलं होतं की, नातं जुनं होत जातं तशी जोडीदाराला ओळखल्याची खात्री वाढते, अचूकपणा मात्र वाढत नाही. मला याचं नवल वाटलं नाही. नव्या नवलाईत माणसं एकमेकांना विचारत असतात, पुढे जुन्या उत्तरांवरच काम भागवतात. आणि आवड काही एका जागी बसून राहत नाही.

दुसरी गोष्ट लाजेची. लोकांना वाटतं, माणसं परक्यांसमोर पोहण्याच्या कपड्यांत यायला लाजतात. लाजतात खरी, पण ते दोनतीन दिवसांत जातं, कारण तलावात जो तो आपापला श्वास सांभाळण्यात गुंतलेला असतो. जात नाही ती घरच्या माणसासमोरची लाज. पहिल्या दिवशी मी कठडा धरून तोंड पाण्यात घालायला आणि नाकातोंडाने बुडबुडे सोडायला लावते. पन्नाशीची माणसं ठसकतात, नाकात पाणी जातं, डोळे लाल होतात. अनोळखी माणूस हे पाहतो आणि विसरतो. नवरा किंवा बायको पाहते तेव्हा तो किस्सा होतो आणि पाहुणे आले की निघतो. घरात ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्याला तर हे फारच जड जातं.

त्यात एकाला आधीच पोहता येत असेल तर विचारूच नका. तो शिकायला आलेलाच नसतो, शिकवायला आलेला असतो. मी बाईंना सांगते, ‘नजर तळाकडे ठेवा.’ कारण मान वर उचलली की कंबर आणि पाय खाली जातात. तेवढ्यात शेजारून आवाज येतो, ‘अगं, समोर बघ, समोर!’ तिने कोणाचं ऐकायचं? अशा जाणकारांना मी सरळ खोल बाजूला फेऱ्या मारायला पाठवते. दोन बायकांनी त्याबद्दल माझे हळूच आभारही मानलेत.

लेखात मानसशास्त्रज्ञ आर्थर ऍरन यांच्या प्रयोगाचा उल्लेख हवा होता. २००० साली छापलेल्या त्या प्रयोगात काही जोडप्यांची मनगटं आणि घोटे एकमेकांना बांधले, मध्ये एक उशी हात न लावता, दातात न धरता तोलायची आणि गाद्यांवरून रांगत अडथळा ओलांडून जायचं. हे धमाल काम करणाऱ्यांचं आपल्या नात्याबद्दलचं समाधान, साधंसरळ काम दिलेल्या जोडप्यांपेक्षा जास्त वाढलं. मला तो प्रयोग फार आवडतो. पण त्यात दोघंही नवशिके होते, पुढाकार तिसऱ्याचा होता आणि ‘तिला विचारून सांगतो’ म्हणण्याची वेळ टळून गेली होती. घरी हे तिन्ही नसतं.

घरी पुढाकार एकालाच घ्यावा लागतो, आणि लेखात ज्याचा अवाक्षरानेही उल्लेख नाही ते इथे आहे. चौकशी तिची, अर्ज तिने भरायचा, टॉवेल आणि टोप्या तिने पिशवीत भरायच्या, निघायची आठवणही तिनेच करायची. (कधी तो असतो, पण माझ्या टेबलासमोर बहुतेकदा ती असते.) जमलं तर ‘बरं झालं आलो’ एवढंच. नाही जमलं, पाणी गार निघालं, खांदा दुखला, की ‘तुझ्याच डोक्यातलं खूळ’. एकदा हे ऐकलेलं माणूस पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. मग दोघंही आपापल्या ठिकाणी ‘समोरच्यालाच हौस नाही’ असं धरून चालतात.

सगळंच मिळून करायला हवं, असं माझं म्हणणं नाही. माझा नवरा पाण्यात उतरत नाही आणि मीही त्याच्या बुद्धिबळाच्या पटाजवळ जात नाही. पण तो नाही म्हणाला तो स्वतःच्या तोंडाने. माझ्या वर्गातही आता एकाने दोघांचा अर्ज भरलेला चालत नाही. ज्याचा त्याने भरायचा, ‘यायचं नाही’ असं लिहायचं असलं तरी.

पुरवणीत पुन्हा कधी जोडप्यांसाठी अशी यादी छापाल, तर प्रत्येक गोष्टीपुढे एवढं द्यावं ही विनंती: पहिल्या दिवशी नेमकं काय करायला लावतात, गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर चालतं का, पैसे भरण्याआधी एकदा येऊन नुसतं बघता येतं का, आणि दोघांपैकी एकाला आधीच येत असेल तर त्याला दुसऱ्या गटात घालतात का.

आपली,
प्रौढांना पोहायला शिकवणारी एक वाचक